अंडी वाढवायची तर आधी कोंबड्याची आई शोधा

यात्रांचा हंगाम आला की सातारा-सांगलीच्या गावांत खुराड्यातले सगळ्यात दणकट कोंबडे आधी विकले जातात. उरलेल्यांतले बरे आखाडात जातात. मागे राहतो तो उशिरा वाढलेला, अंगाने किरकोळ नर, आणि पुढच्या पिल्लांचा बाप तोच होतो. त्याची आई कोणती, ती महिन्याला किती अंडी द्यायची, हे कुणालाच ठाऊक नसतं. गावरान कोंबडी अंडी कमी देते असं आपण म्हणतो. त्यातलं बरंचसं जातीचं आहे हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या या उलट्या निवडीचाही त्यात वाटा आहे.

कोंबडा अंडी देत नाही, म्हणून अंड्यांचा विषय निघाला की त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण तलंगेची, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबडीची, अंडी देण्याची क्षमता निम्मी आईकडून येते, तशी निम्मी बापाकडून. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच नर असतो. कोंबडी चुकीची निवडली तर तिच्या चार पिल्लांपुरतं नुकसान होतं, नर चुकला तर सगळी पिढी बिघडते. घरच्या पंचवीस-तीस पक्ष्यांवर, मोठा खर्च न करता, ही निवड सरळ कशी करायची ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

सुरुवात कोणत्या पक्ष्यापासून करायची

पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्या वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात, म्हणून काही जण त्याच आणतात, सोबत एखादा नर सोडतात आणि पिल्लं काढतात. हे करू नका. त्या कोंबड्या तीन-चार वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतात. संकरित मक्याचं कणीस आपण बियाणं म्हणून ठेवत नाही, तसंच हे आहे. पुढच्या पिढीत एक तलंग आईसारखी निघते, दुसरी निम्मी अंडी देते, तिसरी आपल्या ऊन-पावसात टिकतच नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया आणि वनराजा यांनाही हेच लागू. परसात पाळायला दोन्ही चांगल्या. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी. पण त्यांची पिल्लं दर वेळी नवीन आणायची असतात.

पैदाशीसाठी शुद्ध जात किंवा निवडलेल्या गावरान कोंबड्या घ्या. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या दोन जाती आपल्या भागात चांगल्या रुळतात. चांगल्या खाद्यावर त्या वर्षाला २०० च्या आसपास अंडी देतात आणि अंड्याचा रंग तपकिरी असल्याने बाजारात अडचण येत नाही. गावरान कोंबडी साधारण ६० ते ८० अंड्यांवर राहते, पण स्वतः चरून खाते, घारीची सावली ओळखते, पिल्लं वाढवते. माण, खटाव, आटपाडी, जतसारख्या कोरड्या भागात मोकळं सोडून पाळायचं असेल तर मी निवडक गावरान कोंबड्यांवर ऱ्होड आयलंडचा नर लावेन. त्या पहिल्या संकराच्या तलंगा अंड्यांना आईपेक्षा पुष्कळ सरस निघतात. मात्र त्यांच्यातच पुन्हा जोड्या लावल्या की तो जोम उतरतो, म्हणून दोन्ही बाजूंचे मूळ पक्षी शुद्ध ठेवावे लागतात. नवख्या माणसाने पहिली दोन वर्षं एकाच जातीवर काम करावं.

शुद्ध जातीची पिल्लं कुठे मिळतील याची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरू करा. शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र सांगलीकरांना कोल्हापूरचं जवळ, सातारकरांना पुण्यात खडकीचं. सल्ल्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यात बोरगावचं आणि सांगलीत कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पिल्लं घेताना एकाच पेटीतली सगळी घेण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणांहून घ्या. सख्ख्या भावंडांवर कळप उभा राहिला तर पुढे काय होतं ते खाली येईलच.

तीन वाडे

चोवीस कोंबड्या आणि तीन नर, तीन वाड्यांत विभागून: प्रत्येकी आठ माद्या, एक नर. दोन-तीन जादा नर वेगळे ठेवा, कारण ऐन वेळी मुंगूस एखादा नेतंच. वाडे वर्षभर वेगळे ठेवायची गरज नाही. उबवणीची अंडी गोळा करायच्या दोन महिन्यांपुरते वेगळे, बाकीचे दिवस सगळ्या कोंबड्या एकत्र, नरांशिवाय. नर नसला तरी अंडी तेवढीच येतात, आणि फलित नसलेलं अंडं उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतं.

प्रत्येक वाड्याला एक रंग द्या. लाल, निळा, पिवळा. त्या रंगाची प्लॅस्टिकची कडी कोंबडीच्या पायात घाला आणि कडीवर नंबर टाका. पिल्लांच्या पायाला रंगीत दोरा चालतो, पण पाय वाढतो तसा दोरा दर आठवड्याला सैल करावाच लागतो, नाहीतर तो मांसात रुततो.

वही

सगळी पैदास या वहीवर उभी आहे. कोणती कोंबडी किती अंडी देते हे कळलं नाही तर निवड फक्त दिसण्यावर होते, आणि दिसणं फसवतं. अंगाने मोठी, तुकतुकीत कोंबडी बहुधा अंडी कमी देणारीच असते. खाद्य अंगाला लागतं, अंड्यात जात नाही.

आपल्या घरांतल्या बायका ही नोंद पूर्वीपासून डोक्यात ठेवत आल्या आहेत. सकाळी कोंबड्या सोडताना प्रत्येकीला हातात घेऊन अंडं आहे का ते बोटाने चाचपायचं, असेल तिला डालग्याखाली झाकून ठेवायचं, अंडं झालं की सोडायचं. अंडं बाहेर कुठे कुंपणात जाऊ नये म्हणून ही रीत आहे. त्यात कागदावर एक टिंब टाकायची भर घातली की उत्तम नोंद तयार होते. दहा-बारा कोंबड्यांपर्यंत मला हीच पद्धत सगळ्यात चांगली वाटते. हात स्वच्छ आणि हलका हवा. कोंबडी ओळखीची असली तर ती धडपडत नाही.

कोंबड्या जास्त असतील तर झडपेची पेटी करा. फळ्यांची साधारण एक फूट रुंद, सव्वा फूट खोल पेटी, पुढे वरून लोंबणारी झडप. कोंबडी आत शिरताना तिच्या पाठीचा धक्का लागतो, आधाराची काडी निसटते आणि झडप खाली पडते. अंडं देऊन ती आतच थांबते. तुम्ही नंबर पाहता, अंड्यावर पेन्सिलीने लिहिता, तिला सोडता. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. बहुतेक अंडी सकाळी ते दुपारपर्यंत येतात, तेवढ्या वेळात दर तासा-दीड तासाने फेरी मारावी लागते. एप्रिल-मे महिन्यात यात हयगय नको, बंद पेटीत कोंबडी उष्म्याने मरते. रोज जमत नसेल तर आठवड्यातले ठरावीक तीन दिवस नोंद ठेवा. तीन दिवसांच्या नोंदीतूनही चांगल्या-वाईट कोंबड्यांचा क्रम बऱ्यापैकी बरोबर लागतो.

वहीत आडव्या ओळीला कडीचा नंबर, उभ्या रकान्यांत तारखा. याशिवाय तीन गोष्टी लिहा: पहिलं अंडं कितव्या आठवड्यात आलं, कोंबडी किती दिवस खुडूक (अंडी थांबवून उबवायला बसलेली) राहिली, आणि महिन्यातून एकदा अंड्याचं वजन. खुडूकपणाचा रकाना गावरानमध्ये फार महत्त्वाचा आहे. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. अंड्यांवर २१ दिवस, नंतर पिल्लांमागे दोन-अडीच महिने, या सगळ्या काळात अंडी बंद. वर्षातून तीनदा खुडूक बसणारी आणि एकदाच बसणारी, या दोघींत एवढ्यानेच मोठा फरक पडतो. हा गुण बऱ्याच अंशी रक्तातून येतो, म्हणजे निवडीने तो कमी करता येतो.

वर्षभराच्या नोंदीची वाट पाहायला नको. कोंबडी ४० आठवड्यांची होईपर्यंत दिलेली एकूण अंडी पाहिली की पुढच्या वर्षाचा अंदाज येतो. पैदास करणारे व्यावसायिकही बरीचशी निवड याच वयावर करतात.

हातात घेऊन पाहणं

वही नसलेली कोंबडी विकत घ्यायची असेल तर ही पारख कामाला येते. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला, हाताला कोमट लागतो. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन ते तीन बोटं बसतात. अंडी बंद असलेल्या कोंबडीत जेमतेम एक बसतं. अंड्याचं द्वार मोठं आणि ओलसर असतं. पिवळ्या पायाच्या जातींत आणखी एक खूण आहे. अंडी देत गेलं की अंगातला पिवळा रंग बलकात उतरतो. आधी द्वाराभोवतीचा जातो, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, सगळ्यात शेवटी पायांचा. पाय फिकट पडलेली कोंबडी कित्येक महिने अंड्यावर आहे असं समजा. गावरानात काळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्या पुष्कळ असतात, त्यांना ही खूण लावता येत नाही.

पिसं झडण्याची वेळही पाहा. लवकर पिसं टाकून महिनोन्‌महिने बोडकी फिरणारी कोंबडी अंड्याला कमी. उशिरा आणि भराभर पिसं बदलून पुन्हा सुरू होणारी चांगली.

निवडीचं गणित

अंड्यांची संख्या हा गुण पुढच्या पिढीत हळूहळू उतरतो. कोंबड्यांमधल्या फरकातला साधारण पाचवा हिस्सा रक्ताचा धरा, बाकीचा खाद्य, जागा, आजारपण यांचा. अंड्याचं वजन मात्र त्यापेक्षा बरंच जास्त रक्तातून येतं.

समजा तुमच्या कळपाची सरासरी १२० अंडी आहे आणि निवडलेल्या कोंबड्यांची १६०. फरक ४० चा. त्यातला पाचवा हिस्सा म्हणजे ८. नरसुद्धा तितक्याच चांगल्या घराण्यातला असेल तर लेकींची सरासरी १२८ च्या आसपास येईल. नर कसाही घेतला तर वाढ निम्मी, फक्त ४. एका पिढीत आठ अंडी ही कमी वाटतील, पण ती दर पिढीला साठत जातात आणि त्यांच्यासाठी खाद्याचा खर्च फारसा वाढत नाही. कुणी एका वर्षात दुप्पट अंडी करून देतो म्हणाला तर तो पक्षी बदलतोय किंवा खाद्य बदलतोय, पैदास नाही.

आता नर. स्वतःची नोंद नसल्यामुळे त्याला त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून ओळखायचं. प्रत्येक वाड्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन-तीन कोंबड्यांचे मुलगे जपून ठेवा, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणी ४० आठवड्यांच्या होईपर्यंत थांबा. ज्याच्या आईच्या आणि बहिणींच्या दोन्ही नोंदी चांगल्या, तो नर पैदाशीचा. मधल्या काळात यात्रा येतील, आखाड येईल, दारात गिऱ्हाईक उभं राहील. निवडीत असलेल्या नरांना वेगळी कडी घाला आणि ते विकायचे नाहीत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अंगाने अगदी किरकोळ नको, तसा सगळ्यात धिप्पाडही नको, कारण वजन आणि अंड्यांची संख्या हे गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पाय आणि बोटं सरळ, छातीचं हाड सरळ, डोळे तेज, चाल चपळ असा मधल्या वजनाचा पाहा.

रक्त जवळ येऊ देऊ नका

भाऊ-बहीण किंवा बाप-लेक अशा जोड्या लागत राहिल्या की आधी अंडी कमी उबतात, मग पिल्लं अशक्त होतात, मग अंड्यांची संख्याच घटते. दहा वर्षं तोच कळप पाळणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. तीन वाडे त्यासाठीच केले. तलंगा कायम आईच्या वाड्यात राहतात, नर मात्र दर वर्षी पुढे सरकतात: लाल वाड्यात जन्मलेला नर निळ्या वाड्यात, निळ्यातला पिवळ्यात, पिवळ्यातला लाल वाड्यात. दिशा कधी उलटी करायची नाही. एवढ्यावर सख्खी भावंडं एकत्र येत नाहीत आणि बरीच वर्षं बाहेरचं रक्त आणावं लागत नाही.

वाड्यातला नर बदलला की लगेच अंडी गोळा करू नका. कोंबडीच्या अंगात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तीन आठवडे थांबा, तेवढ्या काळातली अंडी खा किंवा विका.

अंडी ठेवणं आणि उबवणं

उबवायला मध्यम आकाराची, गुळगुळीत, बिनतड्याची अंडी घ्या. गावरानची ४० ग्रॅमच्या वर, ऱ्होड आयलंडची ५० ते ६० ग्रॅम. तलंगेची पहिली चिमुकली अंडी आणि फार मोठी दोन बलकांची अंडी बाजूला. धुवायची नाहीत, कवचावरचं संरक्षण जातं. रुंद टोक वर ठेवून गार जागी ठेवा. १५ ते १८ अंश चांगलं, फ्रिज नको. माठ ओल्या वाळूत बसवून त्यात टोपलीत ठेवली तरी हिवाळ्यात काम होतं. सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका.

यंत्र वापरणार असाल तर ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीन-चार वेळा अंडी फिरवायची, नंतर हात लावायचा नाही. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत दुसरा थर्मामीटर ठेवा. अर्ध्या-एका अंशाच्या फरकाने उबवण बिघडते. जिथे वीज जाते तिथे खुडूक कोंबडी जास्त खात्रीची, एकीखाली दहा-बारा अंडी. खुडूकपणा कमी करायचा आणि खुडूक कोंबडीही हवी, हे कसं जमायचं? दोन-तीन उत्तम बसणाऱ्या गावरान कोंबड्या पैदाशीच्या कळपाबाहेर ठेवा आणि त्यांची स्वतःची अंडी उबवायला लावू नका.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर अंडं धरा. रेषांचं जाळं दिसलं तर फलित, नितळ दिसलं तर नाही. एकाच वाड्याची नितळ अंडी पाचातलं एक याहून जास्त निघाली तर त्या वाड्याचा नर बदला.

शंभर अंड्यांतून सत्तर-पंचाहत्तर पिल्लं निघाली तर समाधान माना. त्यांतल्या निम्म्या माद्या, त्यांतून मोठ्या होणाऱ्या तीसेक. या तीसमधून पुढच्या वर्षी बारा ठेवायच्या. निवडीला वाव हवा म्हणून जास्त पिल्लं काढायची.

पिल्लं

पहिल्या आठवड्यात ३५ अंशाची ऊब, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पंख पसरून बसली असतील तर उकडतंय. खाली भाताचं तूस तीन इंच घाला, पाटण-शिराळ्याकडे ते सहज मिळतं. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण येते, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं रोज हलवा.

लसीकरण चुकवू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांच्या सुमारास, मानमोडीचा बूस्टर पाचव्या आठवड्याच्या आसपास, देवीची सहा-सात आठवड्यांना आणि मानमोडीचं इंजेक्शन आठ ते दहा आठवड्यांना. नेमकं वेळापत्रक तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांकडून घ्या. पांढऱ्या हगवणीतून वाचलेली पिल्लं दिसायला कितीही छान झाली तरी पैदाशीत घेऊ नका. हा रोग अंड्यातून पुढच्या पिढीत जातो.

सगळ्यांना सारखं खाद्य

एका वाड्याला मक्याचा भरडा आणि दुसऱ्याला लेयर खाद्य दिलं तर वही खाद्याचा फरक दाखवेल, कोंबडीचा नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाद्य, त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. वाढत्या तलंगांना मात्र अंड्याचं खाद्य लवकर सुरू करू नका, त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडाला झेपत नाही. आपल्याकडे दिवस हिवाळ्यात ११ तासांचा, उन्हाळ्यात १३ तासांचा. मोठ्या कोंबड्यांना पहाटे बल्ब लावून उजेड १४ ते १६ तासांचा केला तर अंडी वाढतात, पण तोही तिन्ही वाड्यांना सारखाच हवा.

वर्षाचं चक्र

दिवाळीनंतर अंडी गोळा करून मार्गशीर्षाच्या सुमारास उबवायला ठेवा. डिसेंबरच्या मध्याला पिल्लं निघाली की थंडीत फक्त उबेची काळजी, पुढे उन्हाळ्याआधी ती पिसांनी भरतात. ऱ्होड आयलंडच्या तलंगा जूनच्या आसपास अंड्यावर येतात, आणि सप्टेंबरच्या शेवटी ४० आठवड्यांच्या होतात. तेव्हा वही उघडून निवड करायची, दसऱ्याच्या सुमारास नर पुढच्या वाड्यात टाकायचे, तीन आठवडे थांबायचं, की पुन्हा दिवाळी. एका वर्षात एक पिढी बसते. उन्हाळ्यात उबवण टाळा: ४० अंशांच्या पुढे नरांचं बीज कमजोर होतं आणि धापेमुळे कोंबड्यांचं कवच पातळ येतं. जावळी-पाटणच्या पावसात पिल्लं काढली तर ओलीचे आजार सांभाळणं अवघड जातं.

उबवण उतरू लागली की बाहेरचा नर आणा, तो नोंद ठेवणाऱ्या माणसाकडूनच. आणल्यावर त्याला तीन आठवडे कळपापासून दूर ठेवा, आधी घरच्या कोंबड्यांचं खाद्य-पाणी करा, मग त्याचं, आणि त्याच्याकडून आल्यावर हात-पाय धुवा.